मायक्रोफोनला पंचामृत

मी एकदा मायक्रोफोनला पंचामृताने आंघोळ घातली आहे. हातून चुकून चार थेंब सांडले, असला प्रकार नव्हे. चांगला ताम्हणात उभा केला. आधी कोमट पाणी, मग दूध, दही, तूप, मध, साखर, पुन्हा पाणी, आणि वर तुळशीचं पान. दूध घालताना त्याच्या जाळीतून बुडबुडे आले, तेव्हा मी हात जोडले. मला वाटलं, स्वीकारलं देवाने.

हसा. माझ्या नातीही हसतात. "आजी, तू खरंच एवढी येडी होतीस?" होते ग बायांनो, याहून जास्त होते, ते पुढे येईलच. पण या सगळ्या प्रकरणात मला हसू येतं ते त्या पंचामृतापुरतं. बाकीच्याची अजून चीड येते. एवढी वर्षं झाली, निम्मी माणसं गेली, तरी दसरा जवळ आला आणि रस्त्यावर झेंडूचे ढीग दिसले की माझ्या कपाळाची शीर उडायला लागते.

आमचं घर तेव्हा शिवाजीनगरात, बाजाराच्या मागच्या एका गल्लीत. सासरची मंडळी बेंगळुरात किती पिढ्या आहेत हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नसे. घरात मराठी, पण निम्मी कानडी कालवलेली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. आमटी दाट झाली की त्या "स्वल्प पाणी घाल" म्हणत आणि माझं एखादं करणं त्यांना पटलं नाही की नुसतं "सरी" म्हणत. कानडीत सरी म्हणजे ठीक. आत्याबाईंच्या तोंडी त्याचा अर्थ असायचा, कर, आणि भोग. मी बेळगावची, लग्न होऊन दोन-अडीच वर्षं झालेली, त्यामुळे तो अर्थ कळायला मला जरा उशीरच लागायचा.

आमच्या यजमानांचा धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा. गल्लीत त्यांना 'सौंडवाले' म्हणत. सासऱ्यांनी लढाईनंतर मिल्ट्रीच्या मोडीतून एक पिकअप घेतला होता. सासरे गेले, पिकअप राहिला. त्याच्या टपावर दोन कर्णे, मागे बॅटऱ्या आणि अँप्लिफायर. नव्या सिनेमाची जाहिरात, रामनवमीच्या मांडवातलं गाणं, म्युनिसिपालिटीची निवडणूक, जत्रेत हरवलेलं पोर, सगळं त्याच कर्ण्यांतून. आवाज असा, की बोलणाऱ्याने रॉकेलच्या डब्यात तोंड घातलंय. उमेदवार मतं मागतोय की बादल्या विकतोय ते कळायचं नाही. माईक हातात धरायचा, जुना. तो दोन थपडा खाल्ल्याशिवाय बोलायचा नाही.

गल्लीच्या टोकाला दुसरा एक सौंडवाला होता, दखनी बोलणारा. सगळे त्याला भाई म्हणत. त्याने नवा सेट आणला आणि सिनेमावाले एकेक करून तिकडे गेले. त्या दिवसांत यजमानांना झोप नव्हती. जेवताना मध्येच थांबत आणि म्हणत, "त्याच्या कर्ण्यातून 'स'सुद्धा स्पष्ट येतो." मला वाईट वाटायचं त्यांचं. हे मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी पहिल्यापासूनच हातात लाटणं घेऊन बसले होते.

आता पेटीचं सांगते, कारण खरं भांडण तिचं आहे. माझे वडील शाळामास्तर. संध्याकाळी घरी चार पोरांना गाणं शिकवत, त्यात मी. लग्नात त्यांनी माझ्याबरोबर हार्मोनियम पाठवली आणि यजमानांना सांगितलं, "हिला दुपारी पेटी लागते. दुसऱ्या मुलींना चहा लागतो तशी." बाहेरच्या खोलीत, फळीवर, मी विणलेल्या झाकणाखाली ती असायची. स्वयंपाकघर आवरलं की मी ती खाली घेऊन घटकाभर गायची, शेजारी ऐकू जाणार नाही एवढ्या बेताने. आत्याबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसायच्या. ना बरं म्हणाल्या कधी, ना वाईट. पण तांदूळ मात्र रोज त्याच वेळी निवडायला घ्यायच्या.

बहिणीचं लग्न निघालं म्हणून मी बेळगावला गेले. परतले तेव्हा यजमान स्टेशनवर पिकअप घेऊन आले होते. टपावर नवे कोरे कर्णे, एक पुढे तोंड केलेला, एक मागे, राखी रंग उन्हात चमकतोय. मला पुढे शेजारी बसवलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली, एक चकचकीत माईक तोंडाशी धरला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, "आल्या हो आल्या, बेळगावहून आल्या!"

इतका स्वच्छ आवाज! वरच्या गच्च्यांतून माणसं वाकून बघायला लागली. आणि मी काय केलं? लाजले. पदर तोंडाशी धरून, मान खाली घालून, सिनेमातल्या बाईसारखी लाजले. आत फळीवर पेटी नव्हती आणि मी बाहेर लाजत होते. त्या लाजण्याचा मला जेवढा राग येतो तेवढा पंचामृताचासुद्धा येत नाही.

फळीवर झाकण होतं. घडी घालून ठेवलेलं, चारी कोपरे जुळवून.

"पेटी कुठाय?"

"आधी अँप्लिफायर बघ. चल, दाखवतो."

"पेटी कुठाय?"

"अगं, दिली. एक नाटकवाला मागे लागला होता. आणि सेट नाहीतर अर्धवट राहिला असता. तुला विचारायला तू होतीस कुठं इथं?"

"पत्र टाकायचं."

"पत्र टाकलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

हे 'मग' मी अजून गिळलेलं नाही. त्यात बनवाबनवी नव्हती, लाज नव्हती, त्यांना खरोखरच वाटत होतं की हिशेब जुळला. बायको नाही म्हणणार, म्हणून विचारलं नाही. यात न समजण्यासारखं काय आहे?

मी रडले. दोन दिवस स्वयंपाक केला तो भांड्यांना कळेल असा केला. तिसऱ्या दिवशी यजमान जवळ येऊन बसले. "ऐक तर. खंडेनवमीला संध्याकाळी मंडळाचा कार्यक्रम आहे. सौंड आपलाच. नव्या माईकवर पहिलं गाणं तुझं. आजपर्यंत ऐकत होतं कोण? आमची अक्का आणि तांदळातले खडे. आता अख्खं बेंगळूर ऐकेल." अक्का म्हणजे आत्याबाई, ते आईला अक्का म्हणत.

मंडळ म्हणजे बेंगळुरातल्या मराठी माणसांचं. त्यात आमच्यासारखी जुनी घरं होती आणि सरकारी कारखान्यांतून आलेले पुण्या-मुंबईचे इंजिनिअरही. त्यांच्या बायका गोल पातळ नेसत, हातात पर्स धरत आणि आमचं मराठी ऐकून गालात हसत. त्यांच्यासमोर गायचं! पेटी गेल्याचं दुःख गेलं नाही, पण मी त्याच्यावर हे गाणं झाकणासारखं ठेवलं. आईने शिकवलेला एक अभंग निवडला आणि भाजी चिरताना, धुणं वाळत घालताना गुणगुणायला लागले. रोज. तोच.

इकडे पिकअपचं काम चालूच होतं. यजमानांनी मागे लाकडी घोडा ठोकला, सायकलच्या जुन्या ट्यूब कापून अँप्लिफायरच्या खाली घातल्या, म्हणजे खड्ड्यात गाडी आदळली तरी आतले काचेचे वॉल्व्ह फुटू नयेत. मी चहा द्यायला जायची आणि वाकून बघायची. वॉल्व्ह तापले की आत शेंदरी उजेड दिसायचा. एकदा माईककडे हात नेला तर केवढ्याने ओरडले, "अंहं! बायकांचा हात लागला की बिघडतं."

कुणी सांगितलं होतं हे? कुणीही नाही. घरातलं शिवणाचं यंत्र बायका चालवत होत्या, स्टोव्ह बायका पेटवत होत्या, तो भडकला की जळतही बायकाच होत्या. पण वायर जोडलेली आणि भाड्याने जाणारी वस्तू असली की बायकांच्या हाताला विष यायचं.

आणि मग आली खंडेनवमी. इथे तिला आयुधपूजा म्हणतात. बेंगळुरात त्या दिवशी रिक्षापासून गिरणीपर्यंत प्रत्येक यंत्राला माळ पडते, रस्तोरस्ती कोहळे फुटतात, आणि पूजा झाल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. पूजा कुणी करायची? घरच्या सवाष्णीने. म्हणजे वर्षभर हात लावायचा नाही आणि त्या दिवशी हळदकुंकवाने माखायचं. आमच्या घरी सवाष्ण मी एकटीच. आत्याबाईंच्या नवऱ्याने घेतलेली गाडी, त्यांच्याच दागिन्यांवर घेतलेली असं शेजारपाजारचे म्हणत, पण विधवा म्हणून त्यांनी त्या दिवशी तिच्यासमोर उभंसुद्धा राहायचं नाही, ही रीत. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून लांबून बघायच्या. ही रीत कुणी मोडली नाही. मीही नाही. तेव्हा मला त्यात काही वावगंच दिसलं नव्हतं, आता सांगायला काय जातंय!

सकाळी यजमानांनी हत्यारं देवघरासमोर आणून मांडली. पाने, पकडी, कथलाचा डाग द्यायची सळई, जॅक आणि बैठकीवर उभा तो माईक. "सगळ्यांची नीट पूजा कर," म्हणाले, आणि कोहळा, लिंबं आणि झेंडू आणायला बाजारात गेले.

पाने-पकडी मी धुतल्या, पुसल्या, कुंकू लावलं. मग माईककडे वळले. आता बघा, माझ्या पेटीला मी जन्मात पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. माहेरी खंडेनवमीला तिला कोरड्या फडक्याने पुसायचं आणि एक फूल वाहायचं, बस. म्हणजे अक्कल होती. पण पेटी लाकडाची, साधी बिचारी. हा चांदीसारखा लखलखीत, देवघरातल्या बाळकृष्णाएवढा, पायाशी गोल बैठक. त्याला नुसतं फूल? आणि संध्याकाळी मी याच्यात गाणार. ताम्हण काढलं. मध जरा सढळ हाताने घातला, कारण मनात आलं, आवाज गोड निघेल. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. इतका मूर्खपणा माणूस सहसा स्वतःपाशी ठेवतो.

आत्याबाई दारातून बघत होत्या. "माईकला?"

"हो. सगळ्यांची करायला सांगितलंय ना."

"सरी," म्हणाल्या.

दुपारी यजमानांनी माईक जोडला. कर्ण्यातून आधी काहीच नाही. मग कढईत पाणी पडल्यासारखा चर्र आवाज, आणि मग कायमचं काहीच नाही. त्यांनी माईक उलटा केला. तळहातावर मधाची तार आली. जाळीत अडकलेलं तुळशीचं पान त्यांनी दोन बोटांनी ओढून काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे काय केलंस?"

"पूजा."

"आत मिठाच्या खड्यासारखा खडा असतो याच्या! ओल लागली की विरघळतो. दुकानदाराने दहादा बजावलं होतं मला."

"मला बजावलंत का एकदा तरी?"

"तुला सांगून काय कळणार होतं?"

मी तेव्हा भांडले असं वाटतंय का तुम्हाला? छे. मी हमसून हमसून रडायला लागले. नुकसान केलं याचं रडू, आणि दुसरं खरं रडू वेगळंच. "आता मी संध्याकाळी गाऊ कशी?" म्हणाले.

आणि रागाच्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तू गाणारच नव्हतीस! सोमवारीच सांगून आलोय मंडळात. सिनेमाच्या जाहिरातीची गाडी ती, तिच्या कर्ण्यावर माझी बायको गाणार? लोक काय म्हणतील, सौंडवाल्याने बायकोलाही भाड्याने..."

तिथे थांबले. थांबून उपयोग नव्हता.

माझं रडू जागच्या जागी वाळलं. सोमवारी. म्हणजे जे गाणं सोमवारीच मेलं होतं, त्याच्यासाठी मी मधाची बाटली रिकामी केली होती. सोमवारपासून रोज भात वाढताना मी तो अभंग गुणगुणत होते आणि हा माणूस मान खाली घालून जेवत होता. वरून ताक मागत होता. पेटीही घेतली आणि पेटीच्या बदल्यात दिलेलं गाणंही घेतलं, आणि दोन्ही वेळा सांगायला तोंड उघडलं नाही.

ते भाईकडे माईक मागायला गेले. जावंच लागलं, मंडळात आवाज पोचवायचा होता. भाईने दिला, पण आधी कारण विचारलं आणि कारण ऐकून म्हणे हसून हसून दुकानात खालीच बसला. "क्या भाई, दूध पिलाये क्या इसकू?" संध्याकाळपर्यंत सगळ्या शिवाजीनगरला कळलं होतं.

यजमान परतले तेव्हा पिकअपला माळा घातलेल्या होत्या, चाकांखाली लिंबं ठेवलेली होती, आणि ड्रायव्हरच्या जागेवर मी बसले होते. मांडीवर आरतीचं ताट, शेजारी कोहळा. त्या जागेवर मी त्याआधी कधी बसले नव्हते. पाय खाली पोचत नव्हते, लोंबकळत होते. रागाने लाल झालेली बाई आणि लोंबकळणारे पाय! आरशात दिसले असते तर उतरले असते बहुतेक.

"उतर. पूजा कर. उशीर होतोय."

"करणार नाही."

"काय?"

"बायकांचा हात लागला की बिघडतं. सकाळीच बिघडलं. आता गाडी बिघडायला नको. तुम्हीच करा."

"पूजा बायकांनीच करायची असते."

"का?"

"का म्हणजे? असते!"

समोरच्या घरातली कानडी बाई कठड्याशी आली. "याके निंतिदे गाडी? पूजे आगलिल्लवा?" गाडी का थांबलीये, पूजा नाही झाली का? तिच्या मागे तिची जाऊ, जावेच्या मागे आणखी कोणी. यजमान दात खाऊन हळू बोलायला लागले. मी मुद्दाम मोठ्याने बोलले. दोन वर्षं बेताने गात होते, त्या दिवशी बेत सोडला.

"माझी पेटी आणा. मग आरती."

"पेटी आता कुठून आणू? ती गेली कुठल्या कुठे."

"मग गाणं आणा."

"अक्का, सांग हिला काहीतरी!"

आत्याबाई ओट्यावर होत्या, खांबाला टेकून. "मी काय सांगणार बाबा?" त्या म्हणाल्या. "मला तर आज त्या गाडीपुढे उभं राहायचीही बंदी. तुझ्या बायकोला विचार, तीच सवाष्ण."

हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, पण यजमानांचा चेहरा पडला. पूजेशिवाय गाडी काढायची त्यांची छाती नव्हती. वर्षभराचं पोट त्या गाडीवर. कुठे आपटली, कुठे पेटली, तर? मला ते ठाऊक होतं आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

"बरं, गा!" शेवटी ते म्हणाले. "गा बाई, गा. एवढी हौस आहे तर गा."

मी उतरले, आरती केली, कोहळा फोडला. जरा जास्तच जोरात फोडला. एक फोड समोरच्या बाईच्या पायरीपर्यंत गेली. पिकअप लिंबांवरून पुढे सरकला आणि आम्ही मंडळाच्या मैदानावर गेलो, यजमान पुढे, मी आणि आत्याबाई मागे बॅटऱ्यांशेजारी.

मैदानावर खुर्च्या मांडणं चालू होतं. प्रेक्षक अजून यायचे होते. मंडळाचे चिटणीस, कुठल्याशा कारखान्यात साहेब असलेले पुण्याचे गृहस्थ, हातातलं घड्याळ बघत उभे होते. यजमान त्यांच्याशी काय बोलतात ते मी कान देऊन ऐकलं.

"साहेब, जरा टेस्टिंग करायचंय. आमच्या हिला एक गाणं म्हणायला सांगतो. टेस्टिंगपुरतंच."

"हो हो, टेस्टिंगला काय हरकत आहे! फक्त लवकर आटपा हं."

टेस्टिंग! 'हॅलो, हॅलो, एक दोन तीन' च्या जागी मी. गाणं दिलं म्हणून त्यांनी शब्द पाळला आणि टेस्टिंग म्हणून अब्रूही राखली. माईकपर्यंत चालत जाताना माझे कान तापले होते.

रागात माणसाचा सूर चढतो, आणि मला सूर द्यायला पेटी नव्हती. दोन वर्षं रोज आधी एक पट्टी दाबायची, मग तोंड उघडायचं, ही माझी सवय. त्या दिवशी दाबायला काही नव्हतं. मी डोळे मिटले आणि जो सूर तोंडात आला तो धरला. वर, फारच वर. पहिली ओळ निभली. मला वाटलं, वा! दुसऱ्या ओळीत वरचा सूर होता. तिथे माझा आवाज फाटला, कापडासारखा, चरचरत. आणि नवे कर्णे! 'स'सुद्धा स्पष्ट ऐकवणारे ते कर्णे! एक पुढच्या रस्त्याला, एक मागच्या. मी कुठे, कितपत आणि कशी फाटले हे दोन्ही रस्त्यांना सविस्तर कळलं.

खुर्च्या मांडणारे थांबले. पर्सवाल्या दोघी नुकत्याच येऊन बसल्या होत्या, त्यांनी एकमेकींकडे बघितलं. तिथेच सोडून द्यायचं, शहाणपण ते. पण मी कसली शहाणी? अभंगात ती ओळ पुन्हा पुन्हा येते. दर वेळी मी तितकीच वर गेले आणि दर वेळी तितकीच फाटले. सूर खाली घ्यायचं सुचलंच नाही, कारण खाली घेणं म्हणजे ऐकणं, आणि मला त्या दिवशी कुणाचंच ऐकायचं नव्हतं. माझं स्वतःचंसुद्धा.

संपलं तेव्हा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाहून चिटणिसांनी हात वर केला आणि ओरडून सांगितलं, "छान! आवाज पोचतोय!"

यजमानांनी माईक माझ्या हातातून घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. मंडपाच्या मागे जाऊन वायर तपासत राहिले. तपासण्यासारखं तिथे काही नव्हतं. कार्यक्रमात पहिलं गाणं कुणा इंजिनिअरच्या मुलीने म्हटलं. तिच्या शेजारी पेटीवर साथीला एक मास्तर बसले होते. तिने पहिला सूर लागायची वाट बघितली आणि मग तोंड उघडलं, आणि मी शेवटच्या रांगेत बसून हाताची नखं तळव्यात रुतवली. गोड गायली ती. तिचा मला राग आला नाही. मास्तरांचाही नाही. तिच्यापुढे पेटी होती याचा मात्र आला, एवढा आला की गाणं कुठलं होतं ते आज आठवत नाही.

परतीच्या वाटेला यजमान म्हणाले, "पुढे ये, बस." मी मागेच चढले. आत्याबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या, बॅटऱ्यांना पाठ लावून. केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती, त्यामुळे आमचं बोलणं पुढे जाणार हे त्यांना ठाऊक होतं. मी मनात म्हटलं, आता 'सरी' येणार. मीच तोंड उघडलं. "आत्याबाई, सगळ्यांसमोर आवाज फाटला हो माझा," म्हणाले, आणि पुन्हा डोळे भरले.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही. तसल्या त्या नव्हत्या. पदर घट्ट ओढून घेतला, पुढच्या खिडकीकडे तोंड केलं, आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "फाटला ते बरं झालं. गोड गायली असतीस तर पेटी विकल्याचं कुणालाच काही वाटलं नसतं."